उघाडीवरची नजर

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘नजर’ हा विषय दिला आणि मला खारेपाटातला एक बांबू आठवला. अलिबागच्या पूर्वेला, धरमतर खाडीच्या अंगाला असलेल्या एका गावात तो चिखलात रोवलेला आहे. त्यावर वितीवितीच्या अंतराने पांढरे-तांबडे पट्टे रंगवलेत. समोर एका खांबावर प्लास्टिकचा डबा आहे आणि डब्यात नखाएवढा एक डोळा. तो दर दहा मिनिटांनी बांबूकडे बघतो आणि काय दिसलं ते शंभर-सव्वाशे पावलांवरच्या घरातल्या संगणकाला कळवतो.

हा डोळा बसवणारा मुलगा तंत्रनिकेतनात शिकतो. आमची नावं नको, गावाचंही नको, असं घरच्यांनी सांगितलं, म्हणून ती लिहीत नाही. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले आणि पंधरवड्याने पिठोरी अमावास्येला पुन्हा. हे दोन्ही दिवस उधाणाचे, आणि डब्यातल्या डोळ्याचं खरं काम उधाणातच असतं.

बांध आणि दार

खारेपाटातली भातशेती समुद्राकडून मागून घेतलेली आहे. खाडीच्या कडेने मातीचा बांध घालायचा, खारं पाणी अडवायचं आणि आतली जमीन पावसाच्या गोड्या पाण्याने धुऊन कसायची, अशी ही पिढ्यान् पिढ्यांची खारबंदिस्ती. बांधात ठरावीक जागी उघाडी असते, म्हणजे बाहेरच्या बाजूला उघडणारं झडपेचं दार. ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याचा जोर जास्त असतो. तो दार ढकलतो आणि पाणी खाडीत जातं. भरतीला खाडीचं पाणी बाहेरून रेटतं आणि दार आपसूक बंद होतं. त्याला राखणदार लागत नाही, दोन्हीकडच्या पाण्याच्या जोरावरच ते चालतं.

मात्र दारात ओंडका किंवा प्लास्टिक अडकलं, खेकड्यांनी बांध पोखरला, किंवा उधाणाचं पाणी बांधाच्या डोक्याला टेकलं, तर खांड पडते. एकदा खांड पडून खारं पाणी शेतात शिरलं की उभं पीक जातंच, पण जमिनीत मुरलेलं मीठ पुढच्या पिकांनाही नडतं. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमाराला लागते. दुपारची भरती दिसते. मध्यरात्रीच्या भरतीसाठी टॉर्च घेऊन, पावसात, निसरड्या बांधावरून जावं लागतं. मुलाचे वडील हे तीस वर्षं करत आलेत. गेल्या पावसाळ्यात ते घसरले आणि गुडघा दुखावला. “तेव्हा ठरवलं, आपण नाय तर डोळा तरी तिथे ठेवायचा,” मुलगा म्हणाला.

अठरा पिना

शेतातल्या डब्यापर्यंत तो एका दमात पोचला नाही. पहिले काही महिने गेले पडवीतल्या टेबलावर. मुंबईला ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून त्याने ओव्ही७६७० नावाचा कॅमेरा-मोड्यूल आणला होता. जुन्या पोस्टाच्या तिकिटाएवढ्या या पट्टीवर मधोमध भिंग आणि कडेला दोन ओळींत अठरा पिना. तो त्याने माझ्या तळहातावर ठेवला. वजन जाणवतही नव्हतं.

भिंगाच्या खाली सिलिकॉनची चकती असते आणि तिच्यावर ओळींनी मांडलेले सूक्ष्म खळगे, आडवे ६४० आणि उभे ४८०. उजेड पडला की सिलिकॉनमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि खळग्यात साठतात. जास्त उजेड, तर जास्त साठा. खळग्याला रंग कळत नाही, म्हणून प्रत्येकावर तांबडी, हिरवी किंवा निळी काच असते. हिरव्या काचा इतर रंगांच्या दुप्पट, कारण माणसाचा डोळा उजेडातले बारकावे हिरव्यात सर्वांत नीट टिपतो. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांच्या नावावर या मांडणीचं १९७६ सालचं पेटंट आहे. आज आपल्या खिशातल्या बहुतेक फोनचे डोळे याच मांडणीचे किंवा तिच्यावरून बेतलेले असतात.

इथवरचं काम कारखान्यात झालेलं असतं. हौशी माणसाचं काम पुढे सुरू होतं. खळग्यांत मोजलेला साठा आकडे होऊन आठ तारांवरून बाहेर पडतो, आणि हे आकडे कुणी तरी नेमक्या क्षणी उचलावे लागतात. त्यासाठी सेन्सर तीन खुणा देतो. व्हीसिंकची तार सांगते, नवं चित्र सुरू झालं. एचरेफची तार ओळ सुरू होताच वर उठते आणि ओळ संपेपर्यंत वर राहते. पिक्सेल क्लॉकची तार ठोके देते, दर ठोक्याला एक आकडा.

हे सगळं मला एका वाक्यात समजलं, आणि ते वाक्य त्या मुलाचं. “ताई, एचरेफ म्हणजे उघाडी. ती उघडी असेल तेव्हाच पाणी घ्यायचं. बंद असताना तारेवर जे दिसतं ते आपलं नाय.”

तीनशे घागरी

खरी अडचण वेगाची आणि जागेची. त्याच्याकडे शिकायला आर्डुइनो ऊनो होता. हौशी इलेक्ट्रॉनिक्समध्ये बहुतेकांची सुरुवात याच बोर्डावर होते. ऊनोच्या प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देतं. सेन्सर पूर्ण वेगाने, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं, देऊ लागला तर त्याच्या आकड्यांचे ठोके सेकंदाला २ कोटी ४० लाख पडतात. ओतणारा भरणाऱ्यापेक्षा वेगवान!

जागेचा हिशेब आणखी कठीण. ६४० गुणिले ४८० पिक्सेल, प्रत्येकाचे दोन बाइट, म्हणजे एका चित्राचे ६,१४,४०० बाइट. ऊनोची कामचलाऊ स्मृती अवघी २,०४८ बाइट. भागाकार बरोबर ३०० येतो. तीनशे घागरी पाणी येणार आणि दारात घागर एकच.

मग उपाय काय? सेन्सरच्या आत छोट्या छोट्या नोंदी असतात. दोन वेगळ्या तारांवरून त्यांत आकडे लिहून त्याचं वागणं बदलता येतं. त्याने चित्र लहान केलं, ३२० गुणिले २४०. रंग सोडून फक्त उजेड-अंधार ठेवला. आता चित्र ७६,८०० बाइटांचं झालं. मग ठोके मंद केले, इतके की ऊनोने एक ओळ धरावी, संगणकाकडे पाठवावी आणि पुढच्या ओळीला हात रिकामे असावेत. यूएसबीच्या तारेवरून सेकंदाला साधारण साडेअकरा हजार बाइट जात होते, म्हणजे एका चित्राला जवळजवळ सात सेकंद.

सात सेकंदांचं चित्र म्हणजे हलत्या गोष्टींची फरफट. वरची ओळ आत्ता टिपली आणि खालची सात सेकंदांनी, त्यामुळे चालणारा माणूस चित्रात तिरका होतो. बांबू मात्र हलत नाही. संध्याकाळच्या मंद उजेडात तर लाटांची खळबळ पुसून जाते आणि पाण्याची सरासरी पातळी एका सपाट रेघेसारखी दिसते. इतरांना जो दोष वाटला असता, तोच इथे उपयोगी पडला.

या खटपटीला पन्नास वर्षांची परंपरा आहे. फेब्रुवारी १९७५ मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकात टेरी वॉकर, हॅरी गार्लंड आणि रॉजर मेलन यांनी घरी बांधायच्या ‘सायक्लॉप्स’ कॅमेऱ्याची कृती दिली. तेव्हा हौशी माणसाला परवडेल असा प्रतिमा-सेन्सर मिळत नव्हता. त्यांनी संगणकाच्या स्मृतीची १,०२४ कप्प्यांची चिप घेतली आणि तिच्यावरच्या झाकणाच्या जागी पारदर्शक काच बसवली. अशा स्मृतीत साठवलेला विद्युतभार उजेडाने लवकर झिरपून जातो. म्हणून आधी सगळे कप्पे भरायचे, भिंगातून उजेड पडू द्यायचा आणि कोणता कप्पा किती लवकर रिकामा झाला ते बघायचं. तेच चित्र, ३२ गुणिले ३२ ठिपक्यांचं. त्याच वर्षी गाजलेल्या आल्टेअर संगणकाला हा कॅमेरा पुढे जोडताही येऊ लागला. स्मृतीलाच डोळा करण्याची ही कल्पना मला फार मोठी वाटते. वस्तू बाजारात नाही म्हणून ती माणसं थांबली नाहीत. हाताशी होतं त्याचा स्वभाव त्यांनी नीट ओळखला.

तिरकं चित्र, मुकं चित्र

मुलाने त्याच्या लॅपटॉपवरचा एक फोल्डर उघडून दाखवला. त्यात फसलेली चित्रं तारखेवार ठेवली होती. एकही पुसलेलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात काहीच नाही, काळा पडदा. सेन्सरला त्याची ओळख विचारली तर त्याने ७६ हा आकडा सांगायला हवा, तोही येत नव्हता. ऊनो ५ व्होल्टची भाषा बोलतो, सेन्सर ३.३ व्होल्टची. मध्ये रोध घालून दाब उतरवावा लागतो आणि नोंदी लिहायच्या दोन तारांना वरच्या दाबाशी बांधणारे वेगळे रोध लागतात. ते लावल्यावर ७६ आला. “त्या दिवशी आईला उठवून दाखवलं,” तो म्हणाला. त्याची आई, म्हणजे काकी, चुलीपाशी होत्या. “मला काय कळतंय त्यातलं? पण पोर हसलं ते दिसलं,” त्या म्हणाल्या.

मग चित्र आलं ते तिरकं. खिडकीची उभी चौकट जिन्यासारखी उतरत गेलेली. दर ओळीत एखादा आकडा सुटत होता, म्हणून प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा जराशी सरकत होती. त्यानंतर रंगीत चित्राचा प्रयत्न केला तर माणसं हिरवी आणि झाडं जांभळी. एका पिक्सेलच्या दोन बाइटांची अदलाबदल झाली होती. तारा जागच्या जागी होत्या, वाचण्याचा क्रम उलटा होता.

या फोल्डरात मला आवडलेलं चित्र कसलंच नाही. आठ उभे रंगीत पट्टे, इतकंच. सेन्सरला सांगितलं की तो भिंगाकडे न बघता स्वतःच हे पट्टे पाठवतो. पट्टे नीट आले तर तारा आणि वाचन बरोबर, आणि दोष भिंगात किंवा उजेडात. पट्टेच फाटले तर दोष वाटेत. दुरुस्तीचं सगळं शहाणपण यात आहे. बघण्याचा दोष आणि पोचवण्याचा दोष आधी वेगळे करायचे, मगच पाना उचलायचा.

एक दोष मात्र पट्ट्यांतही दिसत होता, तोही कधी कधीच. चित्रभर बारीक आडव्या रेघा यायच्या. शेवटी लक्षात आलं, शेजारच्या वाडीतला पंप सुरू झाला की त्या येतात. हातभर लांबीच्या सुट्या जंपर तारा आजूबाजूची विजेची खळबळ अँटेनासारखी ओढून घेत होत्या. त्याने तारा वीतभर केल्या, ठोक्याच्या तारेला जमिनीच्या तारेचा पीळ दिला आणि वीजपुरवठ्यापाशी संधारित्र बसवलं. रेघा गेल्या.

ट्रामपासून लांब

विजेच्या खळबळीपासून नाजूक नजर वाचवण्याची गोष्ट या किनाऱ्याला नवी नाही. गावाहून परतताना मी मुद्दाम अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवरून गेले.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ तिथल्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचन करून टिपलं, आणि त्या नोंदी आजचे शास्त्रज्ञही अभ्यासतात. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. रुळांतून वाहणाऱ्या विजेने चुंबकसूचीची नजर गढूळ झाली असती. वेधशाळेचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी समुद्रापलीकडची, साधारण ३० किलोमीटर दक्षिणेची अलिबागची जागा निवडली. हा जिल्हाही तेव्हा कुलाबाच होता, त्याचं रायगड झालं १९८१ मध्ये. इमारत बांधताना लोखंड टाळलं, चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड वापरला. १९०४ मध्ये इथे नोंदी सुरू झाल्या. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये.

नोंदीची तेव्हाची पद्धत उजेडाचीच होती. टांगलेल्या चुंबकाला छोटा आरसा लावलेला. दिव्याचा झोत आरशावरून परावर्तित होऊन घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या नळकांड्यावर पडायचा, आणि नळकांड्यावर फोटोचा कागद. चुंबक केसभर हलला की झोत कागदावर सरकायचा. कागद अंधाऱ्या खोलीत धुतला की दिवसभराची रेघ उमटलेली दिसायची. उजेड, तो टिपणारा पृष्ठभाग आणि ठोका धरणारं घड्याळ, म्हणजे पडवीतल्या टेबलावर होती तीच तीन पात्रं. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि तिचं मुख्यालय याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे.

मूस यांच्या कामातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. अलिबागला नोंदी सुरू झाल्या म्हणून कुलाब्याच्या लगेच थांबवल्या नाहीत. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी वाचन चालू ठेवलं. नव्या डोळ्याचं जुन्या डोळ्याशी किती जमतं ते तपासलं आणि मगच जुना मिटला.

खारी हवा

शेतात लावलेला कॅमेरा ऊनोचा नाही. तिथे ईएसपी३२-कॅम आहे. त्याच्या ओव्ही२६४० सेन्सरमध्येच चित्र आवळून जेपेग करायची सोय आहे, त्यामुळे ६,१४,४०० बाइटांचा ऐवज बहुतेकदा वीस-तीस हजारांत मावतो. बोर्डावर ४ मेगाबाइटची जादा स्मृती आणि वायफाय. सेन्सरपासून प्रोसेसरपर्यंत इथेही त्याच आठ तारा आणि त्याच तीन खुणा, फक्त त्या नाजूक पट्टीत छापलेल्या. टेबलावर गेलेले महिने फुकट गेले नाहीत. बिघाड झाला की कुठे बघायचं हे त्याला ठाऊक आहे.

पहिल्या रात्री बोर्ड दर मिनिटाला नव्याने सुरू होत राहिला. वायफाय चालू होताना क्षणभर जास्त वीज लागते आणि घरापासून नेलेली बारीक तार तेवढा दाब टिकवू शकत नव्हती. जाड तार आणि बोर्डाशेजारी ४७० मायक्रोफॅरडचं संधारित्र, एवढ्याने ते थांबलं. मग वायफाय पोचेना. बाहेरचा अँटेना जोडण्यासाठी बोर्डावरचा तिळाएवढा रोध उचलून बाजूच्या जागी सोल्डर करावा लागतो. भिंग डोळ्याला लावून, श्वास रोखून त्याने ते केलं. मला ती जागा दाखवली तेव्हा बोट ठेवल्यावर दिसेनाशी झाली.

खाऱ्या हवेशी झुंज मात्र रोजची. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, बिजागऱ्या, कुलपं, पंख्याचे स्क्रू सगळं गंजतं. तांब्याच्या पिनांवर हिरवा कीट चढतो आणि एके दिवशी तार जोडलेली असूनही जोडलेली राहत नाही. म्हणून शेतातल्या डब्यात एकही जंपर तार नाही, सगळे सांधे सोल्डरचे. सांध्यांवर त्याने बहिणीचं पारदर्शक नेलपॉलिश लावलंय. तार डब्यात खालून शिरते, आणि शिरण्याआधी तिला झोळ दिलाय, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळाशी येऊन ठिबकतं, आत जात नाही. पहाटे भिंगाच्या काचेवर आतून वाफ धरायची, त्यासाठी चपलांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या. त्या दर पंधरवड्याला काकी तव्यावर मंद गरम करून पुन्हा कोरड्या करतात. रात्रीसाठी बांबूजवळ छोटा एलईडी दिवा, चित्र घेण्यापुरताच लागणारा. सतत लावला तेव्हा किडे जमले, किड्यांमागे पाली आल्या, आणि चित्रात बांबूऐवजी पालीचं पोट दिसू लागलं.

दोन रकाने

पिठोरी अमावास्येच्या रात्री आम्ही पडवीत बसलो होतो. पाऊस थांबून थांबून येत होता. अकरा वाजता चित्र आलं. बांबूचे पाच पट्टे पाण्यावर. अकरा-दहाला पाच. अकरा-वीसला साडेचार. चित्र दहा मिनिटांनी यायचं आणि त्यामधल्या वेळात कुणीच फारसं बोलत नव्हतं. बाराच्या सुमाराला तीन पट्टे उरले आणि तिथेच राहिले. पुढच्या तीन चित्रांतही तीनच.

काका उठले, टॉर्च घेतली, पायात गमबूट चढवले. मी मुलाकडे बघितलं. त्याने अडवलं नाही. भिंतीवरची दोरी लावलेली वही काढली, खिशात पेन टाकलं आणि वडिलांचा हात धरून तोही निघाला.

वीस मिनिटांनी दोघं भिजून परतले. वही पडवीतल्या दिव्याखाली उघडली. प्रत्येक पानावर पेनाने ओढलेले दोन रकाने, एकावर लिहिलंय ‘बाबा’ आणि दुसऱ्यावर ‘कॅमेरा’. आषाढापासूनचं प्रत्येक उधाण त्यात आहे. बहुतेक ओळींत दोन्ही आकडे सारखे. काही ठिकाणी अर्ध्या पट्ट्याचा फरक, आणि त्यापुढे बारीक अक्षरात कारण, ‘काचेवर वाफ’, ‘दिवा वाकला’. एका ओळीत कॅमेऱ्याने चार म्हटलंय आणि वडिलांनी तीन. तिथे कारण लिहिलेलं नाही, फक्त भोवती गोल केलाय.

“दोन पावसाळे असंच लिहायचं,” मुलगा म्हणाला. “मग बघू बाबांना घरी बसवायचं का ते.”

अलिबागच्या दोन वर्षांची गोष्ट मी त्याला सांगितलेली नव्हती. काकांनी टॉवेलने हात पुसले, पेन घेतलं आणि आपल्या रकान्यात आकडा लिहिला. तीन.